गुप्तदान करायचंय? मग आधी पावती पक्की करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या मामांचा कास्टिंगचा कारखाना आहे, प्रायव्हेट लिमिटेड. मामा माळकरी, वर्षानुवर्षं पायी वारी करणारे, वय सत्तरीच्या पुढे. तालुक्याच्या गावी एक जुनी संस्था मुलींचं वसतिगृह बांधतेय, तिला त्यांना दोन कोटी रुपये द्यायचेत. अट एकच, नाव कुठेही येता कामा नये, अगदी पावतीवरसुद्धा. "नाव लागलं की पुण्य तिथंच फिटलं," असं त्यांचं म्हणणं. भाच्याचे प्रश्न: रोख द्यावेत का, देवस्थानामार्फत द्यावेत का, कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या खर्चातून, द्यावेत का, की स्वतःचा ट्रस्ट काढावा?

मी सीए आहे आणि सार्वजनिक न्यासांची, म्हणजे ट्रस्टची, ऑडिट हेच माझं बरंचसं आयुष्य. असे मामा मला बऱ्याचदा भेटतात. कुणी वारकरी असतो, कुणी चातुर्मासात मोठा आकडा देणारा जैन व्यापारी, कुणी रमजानमध्ये जकातीचे अडीच टक्के काटेकोर काढणारा. श्रद्धा वेगवेगळ्या, पण केबिनमध्ये बसून आवाज खाली आणून विचारतात ते एकच: "साहेब, नाव न येता जमेल का?" जमतं. पण पावतीवर नाव नको हा हट्ट मात्र मामांनी सोडायला हवा. कारण काय, ते आकड्यांत सांगतो.

प्राप्तिकर कायद्यात 'निनावी देणगी' म्हणून एक वेगळा प्रकार आहे. १९६१च्या कायद्यातलं कलम ११५बीबीसी, २००६च्या वित्त कायद्यानं घातलेलं. (१ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा प्राप्तिकर कायदा लागू आहे आणि कलमांचे आकडे बदलले आहेत. मी जुनेच आकडे वापरतोय, कारण आम्हा सगळ्यांच्या तोंडी अजून तेच आहेत.) देणगीदाराचं नाव-पत्ता संस्थेच्या दप्तरी नसेल तर ती देणगी निनावी. वर्षभरातल्या एकूण देणग्यांच्या पाच टक्के किंवा एक लाख, यातली मोठी रक्कम सोडून उरलेल्या निनावी देणगीवर संस्थेला सरळ तीस टक्के कर. इतर उत्पन्न करमुक्त असलं तरी यातून सुटका नाही.

आता मामांचे दोन कोटी धरा आणि संस्थेच्या वर्षभराच्या बाकी देणग्या वीस लाख धरा. एकूण दोन कोटी वीस लाख, त्याचे पाच टक्के अकरा लाख. उरले एक कोटी एकोणनव्वद लाख. त्यावर तीस टक्के म्हणजे छप्पन्न लाख सत्तर हजार, वर उपकर वगैरे वेगळा. म्हणजे मामांच्या हट्टापायी वसतिगृहाचा एक आख्खा मजला सरकारजमा. पुण्याचा हिशेब मला कळत नाही, पण हा कळतो.

आणि रोख तर नकोच. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घेतली की घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, कलम २६९एसटी. त्यातून वाट काढायची म्हणून एक-एक लाखाच्या वीस-पंचवीस नावांच्या पावत्या फाडणारे खजिनदार मी पाहिलेत. ज्यांच्या नावानं पावती फाटते त्यांना त्याचा पत्ता नसतो. तपासणीत त्यातल्या एखाद्याला नोटीस गेली आणि तो म्हणाला, "मी कशाला देतोय, मीच उसनवारीवर आहे," की संस्थेची सगळी वही संशयाखाली. मामांची कमाई चोख असेल तर ती चोराच्या वाटेनं का न्यायची?

तेव्हा पहिलं पक्कं करा: गुप्त, पण कुणापासून? ज्या मुलींना खोली मिळणार त्यांच्यापासून गुप्त ठेवता येतं, पूर्णपणे. गावापासून, सोयऱ्याधायऱ्यांपासून, पेपरवाल्यांपासूनही येतं. संस्थेतल्या दोन-तीन जणांना मात्र कळणारच, आणि आयकर खात्याला कळायलाच हवं. संस्थेच्या देणगी नोंदवहीत मामांचं नाव, पत्ता, पॅन लिहिलं की कायद्याच्या लेखी ही देणगी निनावी राहत नाही, मग बाहेरच्या फलकावर 'एक हितचिंतक' लिहा नाहीतर काहीच लिहू नका. संस्था देणग्यांची माहिती वर्षअखेरीनंतर आयकर खात्याला पाठवते (जुना फॉर्म १०बीडी), ती लोकांना पाहायला खुली नसते. धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबात देणग्यांची एकूण रक्कम दाखवायची असते, देणगीदारांची यादी नव्हे. म्हणजे पावती कपाटात, नाव वहीत आणि भिंत कोरी. वारीतल्या माणसाला एवढं पुरायला हवं.

देवस्थानामार्फत देण्याची कल्पना तुम्हाला कुणीतरी दिलेली दिसते. तिचं मूळ असं की निव्वळ धार्मिक न्यासांना हा निनावी देणगीचा कर लागत नाही आणि धार्मिक व धर्मादाय अशा मिश्र न्यासांनाही बहुतांशी लागत नाही. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या दानपेटीतल्या रकमेवर खात्यानं हा कर मागितला होता. संस्थान दोन्ही प्रकारचं आहे असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४मध्ये संस्थानाच्या बाजूनं निकाल दिला. योग्यच झालं, दानपेटीत नोट टाकणाऱ्याचा पॅन कोण विचारणार? पण मिश्र न्यासाच्या सवलतीला एक अपवाद आहे. निनावी रक्कम न्यासाच्या शाळेसाठी किंवा दवाखान्यासाठी म्हणून निर्देश देऊन दिली, तर त्यावर कर आहेच. शिवाय देवस्थानानं ती रक्कम वसतिगृहाकडे वळवायची तर विश्वस्तांचा ठराव हवा, न्यासाच्या उद्देशांत ते बसायला हवं. पेटीत दोन कोटी टाकून ते परस्पर तालुक्याच्या गावी पोचतील ही आशा सोडा. देवाला द्यायचं ते देवाला द्या, पोरींना द्यायचं ते पोरींना.

सीएसआरचा विषय लवकर संपवतो. पाच कोटींच्या वर निव्वळ नफा, हजार कोटींची उलाढाल किंवा पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, यातलं एक जरी असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करणं २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपनीवर बंधनकारक आहे. त्याचा तपशील संचालकांच्या अहवालात द्यावा लागतो, कुठल्या कामावर आणि कुठल्या संस्थेमार्फत खर्च केला यासह. म्हणजे गुप्ततेची सोय तिथं नाहीच. माझ्या मते ते दानही नव्हे, कायद्यानं लावलेलं देणं आहे. मामांना हे पटकन पटेल. सीएसआर कंपनीला तिच्या नियमानं करू दे. मामांनी लाभांश किंवा पगार घ्यावा, त्यावर कर भरावा आणि उरलेल्या स्वतःच्या पैशातून द्यावं.

इथं लगेच ८०जीचा, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या करवजावटीचा, प्रश्न येतो. कर वाचेल की नाही? समजा मामांचं वर्षाचं उत्पन्न एक कोटी आहे. ८०जी जुन्या करपद्धतीतच मिळतं. अशा संस्थेच्या देणगीला उत्पन्नाच्या दहा टक्क्यांची मर्यादा, म्हणजे दोन कोटींतले दहाच लाख मोजायचे, आणि त्याची निम्मी वजावट, पाच लाख. तीस टक्क्यांनी वाचले दीड लाख. आता दुसरी बाजू बघा. २०२५-२६च्या दरांनी एक कोटीवर नव्या पद्धतीत मूळ कर येतो पंचवीस लाख ऐंशी हजार. जुन्या पद्धतीत ही पाच लाखांची वजावट घेऊनही येतो सव्वीस लाख साठ हजारांच्या आसपास. म्हणजे दोन कोटी देऊन ८०जी मिळवण्यासाठी जुन्या पद्धतीत राहायचं आणि वर ऐंशी हजार जास्त कर भरायचा! मामांच्या बाकीच्या वजावटींनी हा आकडा थोडा हलेल, चित्र फारसं बदलणार नाही. त्यामुळे ८०जीचा नाद सोडून द्या. संस्थेची ८०जी नोंदणी आहे का ते मात्र बघा, कारण ती नसेल तर दप्तर कुठंतरी कच्चं आहे असं धरून चालायचं.

कराची सवलत सोडून गुप्तता घेणारा सर्वांत मोठा माणूस म्हणजे चक फीनी. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आयरिश कॅथलिक घरातला. १९६०मध्ये भागीदाराबरोबर हाँगकाँगला ड्यूटी फ्री दुकानांचा धंदा सुरू केला आणि विमानतळांवर दारू, अत्तरं विकून अब्जाधीश झाला. १९८२मध्ये त्यानं आपलं प्रतिष्ठान बर्म्युडात काढलं. अमेरिकेत काढलं असतं तर देणाऱ्याची माहिती उघड करावी लागली असती. बर्म्युडात ती टळली, त्याबदली मायदेशात मिळणारी करवजावट त्यानं सोडून दिली. १९८४मध्ये धंद्यातला जवळजवळ सगळा हिस्सा प्रतिष्ठानाच्या नावावर केला. गंमत म्हणजे १९८८मध्ये 'फोर्ब्स'नं त्याला अमेरिकेतला तेविसावा श्रीमंत ठरवलं, तेव्हा त्यातलं जवळपास काहीच त्याचं उरलेलं नव्हतं. विद्यापीठांना, इस्पितळांना पैसे जायचे ते मधल्या माणसांमार्फत, इमारतीवर नाव लावायचं नाही या अटीवर. १९९७मध्ये धंद्याच्या विक्रीच्या निमित्तानं सगळं बाहेर आलं. तोवर जवळपास पंधरा वर्षं झाकली मूठ झाकलेली होती. आठ अब्ज डॉलर देऊन २०२०मध्ये प्रतिष्ठान बंद केलं आणि २०२३मध्ये तो गेला, भाड्याच्या घरात राहणारा, हातात प्लास्टिकचं स्वस्त घड्याळ घालणारा म्हातारा.

त्याच्या आईची एक गोष्ट मला त्या आठ अब्जांपेक्षा जास्त आवडते. ती नर्स होती. शेजारचा एक आजारी माणूस रोज कष्टानं बसथांब्यापर्यंत चालत जायचा. ही बाई त्याची वेळ साधून गाडी बाहेर काढायची आणि त्याला गाठून म्हणायची, मी त्याच बाजूला चाललेय, बसा. तिला कुठंही जायचं नसायचं. मुलगा हे घरात बघत मोठा झाला. मामांना ही गोष्ट जरूर सांगा, त्यांना फीनीपेक्षा त्याची आई जवळची वाटेल. पण हेही सांगा की फीनीची गुप्तता जगापासून होती, कागदापासून नव्हती. वकील, हिशेबनीस, संचालक, ठराव, सगळं जागच्या जागी होतं.

स्वतःचा ट्रस्ट काढावा का? महाराष्ट्रात सार्वजनिक न्यास १९५०च्या अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा लागतो आणि ते दप्तर सार्वजनिक असतं. न्यासपत्रात संस्थापकाचं नाव असतं, विश्वस्तांची नावं असतात, कुणीही अर्ज करून नक्कल काढू शकतो. एकाच देणगीसाठी हा संसार मांडू नये असं माझं स्पष्ट मत. दरवर्षी ऑडिट, विवरणपत्र, विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज. मामांनंतर हे कोण करणार? मामा दरवर्षी देणार असतील, आणि तुम्ही पुढं बघणार असाल, तर गोष्ट वेगळी. एखाद्या जुन्या, विश्वासू न्यासाला देऊन त्याच्यामार्फत वसतिगृहाला देण्याचा मार्गही आहे. मग वसतिगृहाच्या वहीतही मधल्या न्यासाचंच नाव लागतं. मात्र एका न्यासानं दुसऱ्याला दिलेल्या रकमेचे पंच्याऐंशी टक्केच करसवलतीसाठी पहिल्याचा खर्च म्हणून धरले जातात, आणि कायम निधी म्हणून (मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं अशी) पुढे दिलेली रक्कम तर खर्चात धरतच नाहीत. म्हणून एकच टप्पा ठेवा आणि त्या न्यासाच्या ऑडिटरशी आधी बोलून घ्या.

आता मला खरं जे सांगायचंय ते.

वसतिगृहाच्या इमारतीला देणगीदार मिळतात. खोलीमागे पाटी, जिन्याला पाटी, पाण्याच्या टाकीलासुद्धा पाटी, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. त्यात गैर काही नाही, प्रेमचंद रायचंदांनी मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला आईचं नाव दिलं म्हणून राजाबाई आजही लोकांच्या तोंडी आहे. पण पाटी लावता येत नाही अशा खर्चाला कुणी पैसे देत नाही. अधीक्षिकेचा पगार. रात्रपाळीची बाई. वीजबिल, बोअरची मोटर जळली की तिचं रिवाइंडिंग, मैला उपसायची गाडी, सॅनिटरी पॅड, दहावीच्या पोरीला ताप आला तर रिक्षाभाडं. चकचकीत इमारत आणि आत अधीक्षिकाच नाही म्हणून आईबाप मुली ठेवायला तयार नाहीत, अशी वसतिगृहं मी ऑडिटला गेलो की बघतो. ताळेबंदात इमारतीचा आकडा भरघोस आणि आय-व्यय पत्रकात तूट.

ज्याला नाव नकोय तो माणूस नेमका याच खर्चासाठी जन्माला आलाय असं मला वाटतं. मामांच्या दोन कोटींतले एक कोटी बांधकामाला आणि एक कोटी कायम निधीला द्या. सात टक्के व्याज धरलं तरी वर्षाला सात लाख. त्यात अधीक्षिका, रात्रीची बाई आणि वीज निघते. कायम निधीसाठी लेखी निर्देश लागतो आणि रक्कम कायद्यानं मान्य केलेल्या गुंतवणुकीत, म्हणजे बँकेतल्या ठेवीसारख्या ठिकाणी, वेगळी ठेवावी लागते. देणगीपत्रात हे सगळं यायला हवं. मी साधारण असा मसुदा देतो:

"ही रक्कम मी स्वतःच्या कमाईतून, बँकेमार्फत देत आहे. माझे नाव, पत्ता व पॅन संस्थेच्या देणगी नोंदवहीत नोंदवावे. फलक, स्मरणिका, वार्षिक अहवाल, समाजमाध्यमे व भाषणे यांत माझा, माझ्या कुटुंबाचा किंवा व्यवसायाचा उल्लेख करू नये. यापैकी रुपये एक कोटी बांधकामासाठी वापरावेत व रुपये एक कोटी कायम निधी म्हणून ठेवून त्याच्या व्याजातून वसतिगृहाचा चालू खर्च भागवावा. कोणत्याही मुलीच्या प्रवेशाबाबत माझी किंवा माझ्या नातेवाइकांची शिफारस विचारात घेऊ नये."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालतो. नाव सोडणं त्या मानानं सोपं असतं, शब्द चालवण्याची सवय सुटत नाही. दोन वर्षांनी मामांच्या कारखान्यातला कुणी म्हणणार, "शेठ, पोरीला तिथं जागा मिळेल का बघा ना." मामांनी एक फोन केला की गुप्तदान संपलं, त्याच दिवशी गावभर.

तसंच, 'आपल्या समाजाच्या मुलींसाठीच' असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. विशिष्ट धर्म किंवा जातीच्याच भल्यासाठी चालणाऱ्या धर्मादाय न्यासाची करसवलत आणि ८०जी दोन्ही अडचणीत येतात. केवळ मुलींसाठी असण्याला हरकत नाही. माळकरी घरातल्यांनाच प्रवेश, असलं काही मामांच्या मनात असेल तर तेही आत्ताच बोलून काढा.

श्रद्धेच्या बाजूनंही थोडं बोलतो, मामांशी तुम्हाला त्याच भाषेत बोलावं लागेल. देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसावा, ही कल्पना बऱ्याच धर्मांत आहे. बाराव्या शतकातला ज्यू धर्मपंडित मायमोनिडीज यानं दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. त्यात ही परस्परांना अनोळखी असण्याची पायरी वरून दुसरी. सर्वांत वरची कुठली, तर माणसाला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन अशा जागी आणणं की त्याला पुन्हा हात पसरावा लागू नये. तिथं गुप्ततेची अट नाही. वसतिगृहात राहून नर्सिंग किंवा आयटीआय करणारी मुलगी म्हणजे हीच वरची पायरी. "पावतीवर नाव आलं तर पुण्य फिटेल का?" या शंकेवर मी मामांना एवढंच विचारेन: वहीतलं नाव वाचणार कोण? तुमचा सीए, त्यांचा सीए आणि आयकराचा संगणक. यातल्या कुणाच्याही वाहवाचं तुम्हाला अप्रूप असेल असं वाटत नाही.

एक चौकशी मात्र आवर्जून करा. मामींना आणि मुलांना माहीत आहे का? एका घरात मी बघितलंय, वडील गेल्यावर बँकेच्या उताऱ्यात मोठ्या रकमा निघाल्या. मुलांनी भलभलते तर्क केले, घरात महिनाभर कुणी कुणाशी धड बोलेना, आणि शेवटी कपाटातल्या पावत्यांनी सगळ्यांची तोंडं बंद केली. शिवाय पैसा मामांच्या स्वतःच्या कमाईचा आहे की एकत्र कुटुंबाचा, ते तपासा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून कर्त्याला धर्मकार्यासाठी वाजवी मर्यादेतच देता येतं. दोन कोटी त्या मर्यादेत बसवताना पुढं कज्जा होऊ शकतो.

आता कामाला लागायचं तर संस्थेकडून नोंदणीचा उतारा, १२ए (संस्थेच्या करसवलतीची नोंदणी) आणि ८०जीची प्रमाणपत्रं, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि सध्याच्या विश्वस्तांचे बदल अर्ज मंजूर आहेत का, एवढं मागा. विश्वस्तांत भांडण असेल तर बदल अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत असतो आणि बँक खात्यावर सही कुणाची यावर वाद असतो. अशा ठिकाणी पैसे टाकू नका, संस्था कितीही जुनी असो. कागद नीट असतील तर बांधकामाची रक्कम एकदम न देता जोतं, स्लॅब, गिलावा अशा टप्प्यांनी द्या. पाहणीला मामांनी स्वतः जाऊ नये, तुम्ही जा. तिथं कुणी विचारलं, "तुम्ही कोण?" तर सांगा, इंजिनिअरसाहेबांबरोबर आलोय.